गाजर-पालकानं बाळात व्यंग येतं का?

"मॅडम, मोबाईलवर पाह्यलं, अ जीवनसत्त्वानं लेकराचे कानच बनत नाही म्हणे. मी तं गाजर, पालक, कोहळं सारं बंद केलं." यवतमाळकडच्या एका खेड्यातली सून, नुकताच दुसरा महिना लागलेला. सोबत नणंद. हा प्रश्न माझ्याकडे हल्ली वरचेवर येतो.

पंचाईत ही, की व्हिडिओ सपशेल खोटा नव्हता. गर्भातल्या कोणत्या पेशीनं कुठं जाऊन काय व्हायचं, हे ठरायला अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक आम्ल लागतंच, पण मोजकं. ते भरमसाट झालं की कान, चेहरा, हृदय, मेंदू यांची घडण बिघडू शकते; तीही सुरुवातीच्या आठवड्यांत, कित्येकींना दिवस गेल्याचं कळायच्या आत. भाज्यांत मात्र बीटा कॅरोटीन असतं आणि शरीर त्यातून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. गाजरांचा अतिरेक केला तर तळहात पिवळे पडतील, एवढंच. सांभाळायचं ते रोजच्या कलेजीपासून आणि मनानं घेतलेल्या अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलपासून; त्यांत ते तयारच असतं. गरोदरपणी पूरक म्हणून घ्यायची कमाल मर्यादा दिवसाला 10,000 युनिट. अंगणवाडीतल्या लेकरांना पाजतात त्या अ जीवनसत्त्वाच्या औषधाच्या एका डोसात 1 ते 2 लाख युनिट असतात. ते गरोदर बाईनं घ्यायचं नाही.

तिच्या पिशवीत फक्त फॉलिक ॲसिड निघालं. तिचं काम झालं होतं.

मग नणंदेनं पर्समधून हळूच एक पाकीट काढलं. "हे पिंपलचं हाय. चालते ना?" मागं नाव होतं आयसोट्रेटिनॉइन. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत राहिलेली. आणि लग्न पुढच्याच महिन्यात!

हे अ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं औषध. 1982 मध्ये अमेरिकेत आलं आणि थोड्याच काळात कानाची पाळी नसलेली, हृदयात दोष असलेली बाळं नोंदली गेली. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. सोरायसिस या त्वचेच्या आजारावरच्या, याच घराण्यातल्या ॲसिट्रेटिनला तर 3 वर्षं थांबावं लागतं. पण आयसोट्रेटिनॉइन त्या महिनाभरात शरीरातून निघून जातं, पुढच्या बाळंतपणाला त्याची आडकाठी नाही, हेही तिला सांगितलं.

"पण त्यायले कोण सांगन?"

नवऱ्या मुलाला घेऊन ये, म्हटलं. कॅप्सूल त्याच दिवशी बंद, त्वचेच्या डॉक्टरांची भेट ठरवली, आणि लग्नानंतर डॉक्टर सांगतील तोवर निरोध. आईला सांगायचं वहिनीनं कबूल केलं.