अमेरिकेत चर्च आणि सरकार वेगळे आहेत, मग धार्मिक शाळांना सरकारी पैसा कसा काय मिळतो?

पैसा थेट शाळेला न देता पालकांच्या मार्फत गेला, की तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला तो चालतो. थोडक्यात एवढंच. मी वकील नाही, पण हे निकाल वाचायचा नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चर्च आणि सरकार यांच्यात ‘भिंत’ आहे असं म्हणतात, पण ती राज्यघटनेत शोधून सापडणार नाही. 1791च्या पहिल्या घटनादुरुस्तीत धर्माबद्दल दोनच गोष्टी आहेत: सरकारने धर्म प्रस्थापित करू नये आणि धर्माचरणात आडकाठी आणू नये. भिंत आली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या 1802च्या एका पत्रातून. 1947 साली न्यायालयाने ती उंच आणि अभेद्य हवी असं बजावलं, आणि त्याच निकालात न्यू जर्सीतल्या कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांचं बसभाडं पालकांना सरकारी पैशातून परत द्यायला 5-4 ने मान्यताही दिली! 2002मध्ये क्लीव्हलँड शहरातले फीचे व्हाउचर, म्हणजे खाजगी शाळेच्या फीसाठी पालकांना मिळणारी सरकारी मदत, हेही याच वाटेने मान्य झाले.

तोवर प्रश्न होता, सरकार देऊ शकतं का. आता विचारतात, सरकार नाही म्हणू शकतं का. मिसुरीत एका चर्चच्या बालवाडीला मैदानावर जुन्या टायरांच्या रबराचा थर हवा होता. राज्याने अनुदान नाकारलं, 2017मध्ये न्यायालयाने 7-2 ने ते चूक ठरवलं. हे मला पटतं, पडून फुटलेल्या गुडघ्याला कसला आलाय धर्म?

मेन राज्याचं तसं नाही. तिथे बऱ्याच गावांना स्वतःचं हायस्कूल नाही, म्हणून मुलांची दुसरीकडची फी, अगदी खाजगी शाळेचीसुद्धा, सरकारी पैशातून भरली जाते. धार्मिक शाळा 1981पासून वगळल्या होत्या. 2022मध्ये 6-3 ने ती अट गेली. इथे पैसा रबराला नाही, धर्माच्या शिकवणीला जातोय, आणि ‘पालकांनी निवडलं’ म्हटल्याने करदात्याचा खिसा बदलत नाही. वर राज्याचा भेदभावविरोधी कायदा आम्हाला लावू नका म्हणून एक शाळा चालवणारं चर्च पुन्हा कोर्टात गेलंच.

ओक्लाहोमाने तर सरकारी खर्चाने चालणाऱ्या चार्टर शाळांतच एक कॅथलिक शाळा घ्यायचं ठरवलं होतं. 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी एक न्यायाधीश सुनावणीपासून दूर राहिल्या, निकाल 4-4 असा अडला, आणि राज्याच्या न्यायालयाचा नकार कायम राहिला. बरोबरीतून पायंडा पडत नाही, त्यामुळे हाच प्रश्न पुन्हा येऊ शकतो, आणि तेव्हा कदाचित नऊही जण बसलेले असतील.