वाचकांचे प्रश्न : आधी समजायला हवे की आधी पाळायला?

विश्वास, आज्ञापालन आणि समज यांचा मेळ कसा घालायचा, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सख्ख्या भावाने पैशांच्या व्यवहारात मला फसवले. क्षमा करावी असे बायबल सांगते, पण ती का करायची हे मनाला पटत नाही. न पटता केलेली क्षमा ढोंग ठरणार नाही का? विश्वास वाढेपर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका. नेमका हाच प्रसंग लूक १७:३-१० मध्ये आहे. भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखवा, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करा, दिवसातून सात वेळा तो परत आला तरी करा, असे येशू सांगतो. ते ऐकून प्रेषित म्हणतात, आमचा विश्वास वाढवा. त्यांनाही वाटत होते की एवढी कठीण आज्ञा पाळायला आधी विश्वासाचा साठा मोठा हवा. येशू तो साठा वाढवून देत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरेल असे तो म्हणतो आणि लगेच शेतातून दमून आलेल्या, तरीही नेमलेले काम करणाऱ्या दासाचा दाखला देतो. आहे त्या विश्वासाने आहे ती आज्ञा पाळायची, असा त्याचा सरळ अर्थ.

तरीही काही गोष्टी आधी समजाव्याच लागतात. आज्ञा कोण देतो आहे आणि नेमके काय मागतो आहे, एवढे कळल्याशिवाय पाऊल उचलणे हा विश्वास नव्हे, तो भाबडेपणा. मात्र ‘का’ आणि ‘यातून काय निष्पन्न होईल’ यांची उत्तरे पुष्कळदा पाळल्यानंतरच मिळतात. लूक ५ मधला शिमोन पाहा. मासेमारी त्याचा धंदा. रात्रभर जाळी टाकून हाती काही लागलेले नाही, जाळी धुवायला काढलेली आहेत, आणि येशू त्याला भरदिवसा खोल पाण्यात चल म्हणतो. शिमोन आपली अडचण लपवत नाही. रात्रभर राबून काही मिळाले नाही, हे तो आधी सांगतो. मग केवळ येशूच्या शब्दावर जाळी सोडतो. मासे इतके लागतात की जाळी फाटू लागतात. आता शिमोनाला काय समजले ते पाहा : तळ्याविषयी नवे काहीच नाही. समोर कोण उभा आहे, हे त्याला समजले, आणि तो येशूच्या पायाशी कोसळला. जाळे न सोडता काठावर बसून कितीही विचार केला असता तरी हे कळले नसते.

क्षमेत काय मागितले आहे, तेही नीट पाहू. अपराध झालाच नाही असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे; त्याच वचनात दोष दाखवायला सांगितले आहे. भावाच्या हाती पुन्हा पैसे सोपवणे, कागदपत्रे न मागणे, हेही क्षमेत येत नाही. मागितले आहे ते असे : सूड स्वतःच्या हाती घेऊ नका (रोम. १२:१९), त्याच्यासाठी प्रार्थना करा (मत्तय ५:४४), तो अडचणीत असेल तर मदतीचा हात आखडू नका (रोम. १२:२०). तेव्हा उद्यापासून त्याचे नाव घेऊन रोज एक साधी प्रार्थना करा, मग ती दोन वाक्यांची का असेना. दुसरे म्हणजे, फसवणुकीची कथा नातेवाइकांत पुन्हा पुन्हा सांगणे थांबवा. हे प्रार्थनेपेक्षा अवघड जाते.

गाडी अडते ती बहुधा पुढे. पहिल्या दिवशी ‘मी क्षमा केली’ असे माणूस जाहीर करतो, चार दिवसांनी राग उसळतो आणि आधीचे सगळे खोटे होते असे त्याला वाटते. ते खोटे नव्हते. राग परत येतोच; आला की हिशेबाची वही पुन्हा उघडायची नाही, एवढेच आपल्या हाती असते. ढोंगाचे म्हणाल, तर प्रेम नसताना प्रेमाचा देखावा करणे हे ढोंग. राग असूनही सूड न घेणे हे आज्ञापालन, आणि ‘प्रभू, मला अजून राग आहे’ असे प्रार्थनेत सांगायला काहीच आडकाठी नाही.

प्रश्न : आमच्या चर्चचे पाळक म्हणतात, “प्रश्न विचारणे हाच अविश्वास. अब्राहामाने प्रश्न विचारले का?” लग्न, दान, सगळ्यासाठी त्यांची परवानगी लागते. हे आज्ञापालनच आहे ना?

उत्तर : अब्राहामाने प्रश्न विचारले होते. देशाचे वचन मिळाले तेव्हा, हे मला कशावरून कळेल, असे त्याने विचारले (उत्पत्ती १५:८). नाश होऊ घातलेल्या सदोम शहरासाठी तर तो पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येत देवाशी बोलत राहिला (उत्पत्ती १८). मरीयेनेही देवदूताला ‘हे कसे होईल’ असे विचारले आणि उत्तर ऐकून स्वतःला प्रभूच्या हाती सोपवले. म्हातारपणी मुलाचे वचन मिळालेला याजक जखऱ्या मुका झाला तो प्रश्न विचारल्यामुळे नव्हे. देवदूत कारण स्पष्ट सांगतो, की त्याने सांगितलेल्या शब्दांवर विश्वास ठेवला नाही (लूक १:२०). समजून घेण्यासाठी विचारणे वेगळे आणि पाळायचे टाळण्यासाठी विचारणे वेगळे.

पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असे इब्री १३:१७ म्हणते, आणि ते हलक्यात घेऊ नये. पण त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात त्यांच्या वर्तनाचा परिणाम लक्षात घ्या असेही सांगितले आहे. पाळकांनी कळपावर धनीपण करू नये, असे पेत्र लिहितो (१ पेत्र ५:३). आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, असे खुद्द पौल म्हणतो (२ करिंथ. १:२४). बिरुया नगरातील लोक पौलाचे बोलणे शास्त्राशी रोज ताडून पाहत होते, त्यांना अविश्वासू म्हटलेले नाही, त्यांची स्तुती केली आहे (प्रे. कृत्ये १७:११).

तुम्ही लिहिलेल्या दोन्ही बाबतींत नवा करार स्पष्ट बोलतो. विधवेने कोणाशी लग्न करावे हे तिच्या इच्छेवर सोडले आहे, अट एकच, ते प्रभूमध्ये असावे (१ करिंथ. ७:३९). दान प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दबावाखाली नव्हे (२ करिंथ. ९:७). पाळकांचा सल्ला जरूर घ्या. पण जिथे देवाने मोकळीक दिली आहे तिथे परवानगी मागायला लावणे योग्य नाही.

१ राजे १३ हा अध्याय एकदा संपूर्ण वाचा. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती : तिथे खाऊपिऊ नकोस, आल्या वाटेने परत जाऊ नकोस. बेथेलचा एक वृद्ध संदेष्टा त्याला खोटेच सांगतो की देवदूताने तुला घरी आणायला सांगितले आहे. तो माणूस ऐकतो, जेवतो आणि वाटेत सिंह त्याला मारतो. वय, पद आणि ‘देवाने मला सांगितले’ ही भाषा यांच्यापुढे त्याने आपल्याला मिळालेले वचन सोडले.

आता करायचे काय? पुढच्या वेळी नम्रपणे विचारा, हे कोणत्या वचनावरून? वचन मिळाले तर तो अख्खा अध्याय घरी वाचा. उत्तर तिथल्या तिथे देऊ नका, आठवडाभर मुदत मागा. मंडळीतील दोन अनुभवी माणसांशी बोला. तरी खटकत असेल तर मत्तय १८:१५-१६ प्रमाणे आधी एकट्याने आणि मग एकदोघांना बरोबर घेऊन पाळकांशी बोला. मात्र घरच्यांपासून काही लपवायला सांगितले जात असेल, पैशांची जबरदस्ती किंवा शरीराशी गैरवर्तन होत असेल, तर या पायऱ्या चढत बसू नका. आधी तिथून बाहेर पडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांकडे जा.

प्रश्न : पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो कृतींनी. कोणाचे खरे?

उत्तर : दोघांचेही. दोघे अब्राहामाचेच उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातील वेगवेगळ्या प्रसंगांचे. पौल उत्पत्ती १५ कडे बोट दाखवतो : सुंता अजून झालेली नाही, हातून काही घडलेले नाही, फक्त विश्वास आहे, आणि तोच नीतिमत्त्व असा गणला जातो (रोम. ४). याकोब उत्पत्ती २२ कडे बोट दाखवतो, जिथे अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो. तोवर इसहाक जन्मून मोठा झाला आहे आणि त्या जुन्या विश्वासाला कृतीचे फळ आले आहे. स्वतःच्या कृतींवर भिस्त ठेवणाऱ्याला पौल उत्तर देतो, तर मुखाने कबुली देऊन हात न हलवणाऱ्याला याकोब. देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे याकोबाचेच शब्द (२:१९). म्हणून प्रोटेस्टंट शिकवणीत विश्वासाची तीन अंगे सांगतात : माहिती, मान्यता आणि भरवसा. भुतांपाशी पहिली दोन आहेत.

प्रश्न : अनेक वर्षे रोज तीन अध्याय वाचतो. डोक्यात काही राहत नाही, जीवनातही फरक नाही. कुठे चुकते?

उत्तर : बहुधा वाचन आणि पाळणे यांची फारकत झाली आहे. देवाच्या इच्छेप्रमाणे करण्याची ज्याची तयारी आहे त्याला शिकवण देवापासून आहे की नाही हे कळेल, असे येशू म्हणतो (योहान ७:१७). तयारी आधी, कळणे मागून. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने (३५४–४३०) आणि पुढे अ‍ॅन्सेल्मने (१०३३–११०९) हाच क्रम धरला : समजावे म्हणून विश्वास ठेवायचा.

महिनाभर तीन अध्याय बाजूला ठेवा आणि दहा-पंधरा वचने घ्या. हे कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगतो आहे, ते आधी पाहा. एकाच माणसाला दिलेली आज्ञा, जशी अब्राहामाला इसहाकाविषयी, ती सर्वांना लागू होत नाही. केवळ घडलेले वर्णन ही तर आज्ञाच नसते. मग आपल्याकडून काय मागितले आहे, ते स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर अजून समजलेले नाही. ते वचन खूण करून ठेवा आणि जाणत्याला विचारा. लिहिता आले तर खाली दोनच गोष्टी लिहा : कोणाच्या बाबतीत, आणि उद्या किती वाजता.

समजा, मत्तय ५:२३-२४ वाचले. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला सांगितले आहे. ‘सर्वांशी प्रेमाने वागेन’ असे वहीत लिहिले तर काही होणार नाही. ‘अमक्याला संध्याकाळी सातला फोन करेन, त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागेन’ असे लिहा. रात्री केले की नाही ते नोंदवा, आणि नसेल तर काय आड आले तेही. आपल्या मनाची खरी ओळख याच नोंदीतून होते, म्हणून ती गाळू नका.

एका वेळी एकच आज्ञा घ्या. पाच घेतल्या की सोपी तेवढी पाळली जाते. पाळण्याआधी गटात त्यावर फार चर्चाही करू नका. बोलून झाले की केल्यासारखे वाटते. आणि चुकलात तर पश्चात्ताप करून दुसऱ्या दिवशी तीच आज्ञा पुन्हा घ्या, नवी नको.

प्रश्न : सगळे पाळले, तरी घरातले आजारपण का, याचे उत्तर देव देत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : नाही. ईयोब हा नीतिमान असूनही सर्व काही गमावलेला माणूस. त्याच्या पुस्तकात पहिल्या दोन अध्यायांतला स्वर्गातील संवाद वाचकाला कळतो, ईयोबाला शेवटपर्यंत सांगितला जात नाही. देव त्याच्याशी बोलतो, पण कारण देत नाही. उलट, दुःखाचे कारण ठामपणे सांगणाऱ्या मित्रांवर देवाचा राग होतो (४२:७). गुप्त गोष्टी देवाच्या आहेत आणि प्रकट केलेल्या आपण पाळाव्यात म्हणून आपल्या आहेत, असे अनुवाद २९:२९ सांगते. ‘का’ हे कळले नाही तरी आज काय करायचे ते बहुधा कळलेले असते : औषध वेळेवर देणे, आजाऱ्यापाशी बसणे, स्वतःही झोप घेणे.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ किंवा ८८ मोठ्याने वाचा. ८८ व्या स्तोत्रात शेवटपर्यंत दिलासा येत नाही, तरी ते देवालाच उद्देशून आहे. आणि आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावून घ्यावे, असे याकोब ५:१४ सांगते. ते आपणहून येतील म्हणून वाट पाहू नका, निरोप पाठवा.