डाळ मिलची जुनी वेबसाइट नव्यानं करायची आहे. डेव्हलपरनं पाच डिझाइन पाठवल्यात, कोणती निवडू?

भाऊ, सध्या एकही निवडू नका. आधी गूगल सर्च कन्सोल (वेबसाइटच्या मालकांसाठी गूगलचं मोफत साधन) उघडा आणि वर्षभरात लोक काय शोधत तुमच्या कोणत्या पानावर आले, ते बघा.

आमची वरूड तालुक्यात संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जुनी वेबसाइट दिसायला गबाळीच होती, पण जंभेरी आणि रंगपूर लाईम या खुंटांतला (ज्यांवर संत्र्याचा डोळा बांधतात त्या रोपांतला) फरक सांगणारं तिचं एक पान आम्हाला वर्षभर फोन आणून द्यायचं. नवी साइट चकाचक झाली. ते पान जुनाट म्हणून गाळलं, बाकीच्या पानांचे पत्ते, म्हणजे लिंका, बदलल्या. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम चालू असताना 'सर्च इंजिनला दाखवू नका' अशी टिक केली होती, ती काढायचीच राहिली. आणि हे सगळं मे महिन्याच्या शेवटी! जून-जुलैत, ऐन लागवडीच्या दिवसांत, फोन मुका. डेव्हलपरवर चिडलो खरा, पण कोणतं पान कमावतं हे मी तरी त्याला कुठं सांगितलं होतं?

म्हणून जुन्या पानांची यादी करा आणि प्रत्येकासमोर त्याचा नवा पत्ता लिहा. पत्ता बदलणार असेल तर '301 रीडायरेक्ट' लावून घ्या, म्हणजे जुन्या लिंकवर आलेला माणूस आपोआप नव्या पानावर जातो आणि गूगललाही बदल कळतो. ते किमान वर्षभर तरी काढू नका. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा साइटला हात लावू नका, पावसाळा बरा. जुन्या साइटचा पूर्ण बॅकअप घ्या. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्याच नावावर आहे ना, तेही आजच बघा, पुष्कळांचं नसतं.

माहितीपत्रक कृतिदेव या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर ते युनिकोडमध्ये (गूगलला वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत) करून घ्या, नाहीतर मराठीत शोधणाऱ्याला सापडणार नाही. डाळीचे प्रकार आणि पोत्यांची वजनं फोटोत नको, अक्षरांत लिहा. फोटो हलके करा, आमच्याकडं धुऱ्यावर कधी एकच कांडी रेंज असते.

साइट सुरू करण्याआधी, तूर घेऊन आलेल्या एखाद्या कास्तकाराच्या हातात फोन द्या आणि मिलचा नंबर शोधायला सांगा. तो कुठं अडखळतो ते नुसतं बघा, मधे बोलू नका.