एआय अहिराणी गाणं लिहून देतं तर गीतकाराने लिहायचं कशाला, आणि हक्क कुणाचा?

भाऊ, तुम्ही विचारलंय की एआय अर्ध्या मिनटात अहिराणी, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीतलं, गाणं लिहून देतं, मग आपण रात्र रात्र जागायचं कशाला आणि त्या गाण्यावर हक्क कुणाचा. मी धुळ्याकडचा, पंधरा वर्षं झाली लग्नाची आणि आमच्या खानदेशच्या देवीची, कानबाईची, गाणी लिहितोय, म्हणून सांगतो.

मी पण करून पाहिलं. आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, गाणं मागितलं तर आलं ते सरळ मराठी, फक्त ओळीच्या शेवटी 'शे' (म्हणजे 'आहे') चिकटवलेलं. वर त्यात श्रावणसरी आणि पोरगी रडत सासरी निघालेली! अहो आखाजी वैशाखात येते, ओट्यावर पाय ठेववत नाही असं ऊन असतं, आणि सासुरवाशीण त्या दिवशी माहेरी आलेली असते, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात. दोनदा दुरुस्त करायला लावलं तेव्हा तीन चार ओळी बऱ्या निघाल्या, पण त्या वाचून मला अजून वाईट वाटलं, कारण ते वळण आमच्याच लोकांचं होतं.

आता माझं स्वतःचं काय ते पण खरं सांगतो. कानबाईची चाल माझी नाही, ती कुणा एकाचीच नाही, तिच्यावर मी हक्क सांगूच शकत नाही. पण माझ्या एका पाठवणीच्या गाण्यात ओळ आहे, 'मनी माय कुरडया मोजी मोजी भरस'. ती मी बहिणीच्या लग्नात डोळ्याने पाहिलीये. आई डब्यात कुरडया मोजून भरत होती, परत काढून परत मोजत होती, मान वर केली असती तर रडू आलं असतं म्हणून. ही ओळ माझी.

आणि हीच ओळ मागच्या उन्हाळ्यात शिरपूरकडच्या एका हळदीत डीजेवर ऐकली, कुठल्याच बाईचा नसलेला मशीनचा आवाज, बाकी शब्द इकडचे तिकडचे, नाव कुणाचंच नाही. ज्या चॅनलने ते गाणं टाकलं होतं त्या चॅनलवाल्याला फोन केला तर म्हणे हे एआयने बनवलंय, तुमचं कसं? त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

मग एका वकिलाकडे बसून कायदा समजून घेतला. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात नोंदणी सक्तीची नाहीच, लिहिलं की हक्क तयार होतो आणि लेखक गेल्यानंतर 60 वर्षं टिकतो. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, शब्दांवर असतो. तोंडी 'देऊन टाकलं' याला किंमत नाही, हक्क सही केलेल्या कागदावरच जातो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षंच धरतात. कलम 57 मुळे हक्क विकला तरी नाव लावायचा अधिकार आपल्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराची रॉयल्टी लिहून घेऊन कायमची काढून घेता येत नाही, आमच्याकडे किती पोरांना हे माहीतच नाही, पाच हजारात सगळं लिहून देतात! केस पण आपण राहतो तिथल्या जिल्हा कोर्टात टाकता येते, मुंबईला पळायची गरज नाही.

आवाजाचं म्हणाल तर 2024 मधे मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करायला अंतरिम मनाई दिली. तो मोठा माणूस, पण आमच्या हळदीत गाणाऱ्या बाईचा आवाज पण तिचाच ना.

मशीनला शिकवायला आपली गाणी विनापरवाना वापरायची का, हा वेगळा वाद. एएनआय या वृत्तसंस्थेने 2024 मधेच ओपनएआयवर, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीवर, दिल्ली हायकोर्टात केस टाकलीये, तिच्या बातम्या वापरल्या म्हणून. माझं मत विचाराल तर आधी विचारा, पैसे द्या, नाव लावा, मग शिकवा. अहिराणीत लिहिणारे आधीच मोजके, त्यांचंच फुकट उचललं तर पुढची ओळ कोण लिहिणार?

नाव लावणं म्हणजे काय ते बहिणाबाई चौधरींकडे बघा. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, मुलाने सोपानदेवांनी ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून बहिणाबाई गेल्यानंतर 1952 ला त्या छापल्या गेल्या, आणि बहिणाबाईंच्याच नावाने छापल्या गेल्या.

त्या चॅनलवाल्याला वकिलाची नोटीस गेली, गाणं काढलं त्याने, पैसे अजून नाहीत. तुम्ही पण लिहीत असाल तर वहीत प्रत्येक गाण्याखाली तारीख टाका, गुणगुणून स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवून ठेवा, आणि कागद झाल्याशिवाय चॅनलला गाणं देऊ नका.