चालत्या माणसांची स्केचेस

मंडईत माणसं एका जागी थांबत नाहीत म्हणून वैतागू नकोस. आधी नुसतं बघ. भाजीवाली जुडी उचलते, पाणी झटकते, पिशवीत टाकते आणि पुन्हा तेच करते. ही आवर्तनं ओळखता आली की अर्धं राहिलेलं चित्र पुढच्या फेरीत पुरं करता येतं. पाठीच्या कण्याची एक रेघ, मग वजन कोणत्या पायावर आहे ते. चेहरा अगदी शेवटी.

मोबाइलवरच्या फोटोवरून चित्र काढू नकोस, निदान सुरुवातीला तरी. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराच्या फोटोंतून दिसलं, की दौडत्या घोड्याचे चारही पाय एकदम अधांतरी असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ च्या डर्बीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीच्या, चित्रात ते पुढे-मागे ताणलेले रंगवले होते. शरीरशास्त्राने चूकच, तरी मला वेग जेरिकोच्याच घोड्यांत जाणवतो! बाल्ला या इटालियन चित्रकाराने १९१२ मध्ये साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे पाय एकावर एक अनेकदा रंगवले. तेही करून बघ.

गणपतीआधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की नदीकाठी ये. ताशेवाल्याच्या काड्या मोजत बसू नकोस. खांदा आणि मनगट नीट पकड, काड्यांना पुसट फटकारे पुरेत. खोडरबर घरीच ठेव.