पाण्याचा दिवस, रात्रीचे अडीच

प्रश्न : आमच्याकडे चार-पाच दिवसांआड, तेही मध्यरात्री नळाला पाणी येतं. झोप लागली की हौद भरून जिना धुतला जातो आणि शेजारचे काका दार वाजवतात. बॉल कॉक (हौद भरला की तरंगत्या बॉलने पाणी बंद करणारा नळ) बसवलाय, तरी असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी बॉल काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय. जड झालेला बॉल वर येत नाही, म्हणून पाणी थांबत नाही. बॉल बदला. तो कोरडा असेल तर वायसर झिजलाय किंवा दांडीवर क्षार साचलेत. दांडी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून घासा.

गच्चीवरच्या टाकीला मात्र नुसता बॉल कॉक नको. तो बंद झाला तरी मोटर चालूच राहते, तापते आणि जळते. तिथे मोटर बंद करणारा फ्लोट स्विचच हवा.

हौदात अर्ध्या इंची पाइपने पाणी येत असेल, तर ओव्हरफ्लोचा पाइप एक इंची घ्या. तोंडाला बारीक जाळी लावून तो जिन्याकडे नव्हे, झाडांकडे वळवा. काका झोपतील, जास्वंद फुलेल.

पाणी साठवायचा ड्रम असेल तर तो घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून ती निघत नाहीत.