उमेदवाराची संगत आणि कडवेपणा मतदानाआधी कसा तपासायचा?
व्हायरल क्लिपा बाजूला ठेवा, आधी त्याचं शपथपत्र (नमुना 26) उघडा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. प्रलंबित गुन्ह्यांच्या तक्त्यात भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) कलम 153अ किंवा नव्या भारतीय न्याय संहितेचं 196 दिसलं, तर प्रकरण गटागटांत तेढ लावल्याचं. आंदोलनातलं 188 (सरकारी आदेश मोडल्याचं जुनं कलम) बहुतेक पुढाऱ्यांवर असतंच, त्याचा बाऊ नको. आरोप निश्चित झालेत का, तो रकाना मात्र बघाच.

संगत शपथपत्रात सापडत नाही. कोण कुणाच्या व्यासपीठावर बसतो, ते स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत शोधा.

कोर्टावर विसंबू नका. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर प्रचार झाला, म्हणून रमेश प्रभूंची निवड रद्द ठरली. सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं 1995 मध्ये. तोवर ती विधानसभाच संपली होती.